शिवली का नाही

लोक पोरांना खेळायला कशासाठी पाठवतात? अंग कणखर व्हावं, चारचौघांत मिसळावं, हरलं तरी रडू नये आणि जिंकलं तरी माजू नये, एवढ्यासाठी. बडनेऱ्याच्या केशरबाईनं हे सगळं आपल्या जमुनाला शिकवलं, त्यातलं काही म्हणजे काही सोडलं नाही. पण तिनं शिकवलं ते विळ्याला धार लावावी तसं. पोरगी विळा होती, आणि जे कापायचं होतं ते अकोल्याला जठारपेठेत राहत होतं, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन.

साठ सालापर्यंत मात्र केशरबाईला खेळाचं नाव काढलेलं खपत नसे. नवरा पंजाबराव रेल्वेत खलाशी, अंगमेहनतीचा मजूर, बोलून चालून गरीब माणूस. जमुना त्यांची एकुलती एक, रोज गाडीनं अमरावतीला मुलींच्या शाळेत जाई. ड्रिलच्या बाईंनी तिचे पाय पाहिले आणि तिला खो-खोच्या संघात घेतलं, तर केशरबाई शाळेत जाऊन भांडून आली. "माह्या पोरीले खेळ नोको. खेळानं वाटोळं होते," एवढंच बोलली आणि पोरीचा दंड धरून निघाली. ड्रिलच्या बाई तोंडात मारल्यासारख्या बघत राहिल्या. त्यांना कळणार तरी कसं? केशरबाईनं ते नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

गोष्ट छत्तीस सालची. धामणगावापासून कोसावर तिचं माहेर. केशर तेव्हा दहा वर्षांची, महारवाड्यातल्या बुधाजीची पोरगी, आणि गावात तिच्याइतकं पळणारं कोणी नव्हतं. पाटलाच्या खळ्यावर पोरी शिवणापाणी खेळायच्या. जिच्यावर राज्य तिनं दुसरीला शिवायचं, की दुसरीवर राज्य. खेळ तो एवढाच. पण केशरनं तर कोणाला शिवायचंच नव्हतं! मग पाटलाच्या दुर्गानं तोड काढली. केशरच्या हातात पऱ्हाटीची काडी द्यायची, कपाशीच्या वाळल्या झाडाची, हातभर लांब. काडी लागली की शिवली. काडीला विटाळ नाही. दोन वर्षं तो खेळ सुखात चालला. दुर्गा आणि केशर, दोघींचं मेतकूट असं की एकीला बोर सापडलं तर अर्धं दुसरीला, अर्थात वरून टाकून.

एक दिवस केशर दुर्गाच्या मागे सुटली होती. कडब्याच्या गंजीला वळसा घालताना काडी अडकली आणि कटकन मोडली. पाय काही थांबले नाहीत. केशरचा हात सरळ दुर्गाच्या पाठीवर पडला आणि ती आनंदानं ओरडली, "शिवली!"

हा शब्द खळ्यावर आलेल्या पाटलानं ऐकला. त्यानं पोरीला विचारलं, काय झालं. दुर्गानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं, मग केशरकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी खेळतच नव्हती. ही उगीच येऊन मले शिवली."

बाकीच्या पोरी पांगल्या. बुधाजीला चावडीसमोर बोलावलं आणि त्याच्याच हातानं पोरीला मारायला लावलं. त्यानं मारलं, आणि जोरात मारलं, कारण त्यानं हळू मारलं असतं तर दुसऱ्यानं मारलं असतं. मार काय, महिन्याभरात गेला. पण "मी खेळतच नव्हती" हे तीन शब्द केशरबाईच्या पोटात तसेच राहिले. लग्न झालं, पोरगी झाली, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, जुनं होतं नव्हतं ते सगळं टाकून आली, हे तेवढं टाकता आलं नाही. खेळ होता तो. खेळ होता एवढं तरी दुर्गानं म्हणायचं होतं!

तर साठ साली, जमुना आईला चोरून खेळतच होती. केशरबाईला सुगावा लागला तशी ती पोरीला ओढून आणायला शाळेच्या पटांगणावर गेली. तिथं अकोल्याचा संघ आला होता. खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या आणि त्यांतली एक हसत होती. उचकी लागावी तसं मधेच अडखळणारं ते हसणं केशरबाईनं हजारात ओळखलं असतं. तिनं शेजारच्या बाईला विचारलं. "त्या होय? दुर्गाबाई. अकोल्याच्या वकिलीणबाई. त्यांची गोदावरी कप्तान हाये नं तिकडची." केशरबाई उभ्या उभ्या तो सामना शेवटपर्यंत पाहून आली. गोदावरी उंच, सडपातळ, पळण्यात पटाईत. तिला कोणीच शिवू शकलं नाही.

घरी येऊन तिनं जमुनाला समोर बसवलं. पोरगी मार खायच्या तयारीनं बसली होती.

"उद्यापासून खेळ," केशरबाई म्हणाली. "पन माह्या म्हनन्यापरमानं खेळाचं."

रेल्वेच्या क्वार्टरांमागे मोकळी जागा होती. तिथं केशरबाईनं रॉकेलचे आठ रिकामे डबे ओळीनं पालथे घातले. ते बसलेले गडी. एका टोकाला बाभूळ, दुसऱ्या टोकाला खांब नव्हता म्हणून पंजाबराव. ड्यूटीवरून आले की त्यांनी तिथं उभं राहायचं. बिडी ओढायची परवानगी होती, हलायची नव्हती. केशरबाई स्वतः पदर खोचून पळायची आणि जमुनानं तिला धरायचं. पस्तिशीची बाई, पण पोरीच्या हाती लागायला तिनं चार महिने घेतले.

आणि शिकवणी काय होती म्हणता! "तोंडाकडं पाहू नोको, पायाकडं पाह्य. तोंड खोटं बोलते, पाय बोलत नाही." "राग आला तं गिळ. रागानं माणूस आंधळा पळते." "पडली तं माती झटकत बसू नोको, आधी उठ." जमुना हरून आली तर तिला जेवायला वाढताना केशरबाई एकच विचारी, कुठं चुकली ते सांग. कोणामुळं हरली ते सांगितलेलं चालत नसे. आणि एक गोष्ट तर तिनं पोरीच्या हाडात मुरवली. "हात लागला तरच शिवली म्हनाचं. एका केसानं हुकला तरी नाही म्हनाचं. एक सामना गेला तं जाऊ दे, पन खोटी शिवली म्हनशीन तं या घरात पाय ठेवू देनार नाही."

मी खोटं बोलणार नाही, ही तर बावीस प्रतिज्ञांतलीच एक. केशरबाईला त्या सगळ्या पाठ होत्या. सूड घेणार नाही अशी प्रतिज्ञा त्यांत नव्हती, तिनं दोनदा मोजून खात्री केली होती. सगळ्यांवर दया करीन अशी एक होती, तिचं काय ते पुढं पाहू म्हणून तिनं ती बाजूला ठेवली होती.

पोरगी मात्र या शिकवणीनं बदलत गेली. गणिताच्या मास्तरांनी चुकून दोन मार्क जास्त दिले, तर ती पेपर घेऊन परत गेली. वर्गात हसलं कोणी तरी ती पुन्हा हात वर करी. पंजाबराव म्हणाले, "खेळानं पोरगी सुधरली वो." केशरबाईनं मान डोलावली. पण तिला सुधारणा नको होती. तिला ती उंच, सडपातळ पोरगी मातीत लोळलेली पाहायची होती.

एकदा जमुनानं विचारलंच, "माय, मले येवढं काहून शिकवून राहिली तू?" तेव्हा केशरबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट उघडली. काडीपासून चावडीपर्यंत सगळी सांगितली. शेवटी म्हणाली, "त्या गोदावरीले तू शिव. सगळ्या पटांगनासमोर, तिच्या मायच्या डोयादेखत. पंच म्हनन शिवली. मंग तिच्या मायनं म्हनून दाखवावं, माही पोरगी खेळतच नव्हती म्हनून!"

"पन खेळात तं कोनीही कोनाले शिवते माय," जमुना म्हणाली.

"म्हनूनच," केशरबाई म्हणाली.

बासष्टच्या जानेवारीत अकोल्याला शाळांचे सामने भरले आणि शेवटच्या सामन्यात अमरावती आणि अकोला समोरासमोर आले. रेल्वेच्या पासावर केशरबाई सकाळच्या पॅसेंजरनं पोचली आणि दोरीला लागून पहिल्या रांगेत बसली. समोर मांडव, मांडवात टेबल, टेबलावर कप, आणि कपामागे दुर्गाबाई. बक्षीस त्यांच्याच हातून द्यायचं होतं. त्यांची नजर एकदा केशरबाईवरून फिरली आणि तशीच पुढं गेली. ओळखलंसुद्धा नाही! केशरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं आपण जिला मनात रोज दोन वेळा जेवू घातलं, तिला आपण आठवतही नाही?

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या डावात अमरावतीच्या पोरी पाठलागावर होत्या आणि दोन्हीकडचे बाद गडी सारखे झाले होते. बरोबरी राहिली तर आदल्या वर्षीचा कप अकोल्याकडेच राहणार होता. म्हणजे अमरावतीला एक गडी हवा होता, आणि पटांगणात पळत होती गोदावरी. ती बसलेल्या पोरींमधून नागमोडी जात होती, एकीच्या हाताला लागत नव्हती. घड्याळाकडे पाहून पंचांनी शिटी तोंडात धरली. तेवढ्यात मागून आवाज आला, "खो!" आणि जमुना उठली.

जमुना गोदावरीच्या पायांकडे पाहत होती. गोदावरी खांबाला वळसा घेणार, इतक्यात जमुनानं सूर मारला. अंग आडवं जमिनीवर, हात पुढं. धुळीचा लोट उठला. शिटी वाजली.

"बाद!" पंच ओरडले.

अमरावतीच्या पोरींनी एकच कल्ला केला. गोदावरी जागेवर थांबली आणि म्हणाली, "मला हात लागला नाही." पंच म्हणाले, बाद म्हणजे बाद. ती पुन्हा म्हणाली, डोळ्यांत पाणी आणून, "खरंच लागला नाही हो."

आता काय विचारता! केशरबाई दोरी ओलांडून आत गेली. "खोटारडी!" ती कडाडली. "जशी माय तशी लेक! शिवलं तुले माह्या पोरीनं! सगळ्या दुनियेनं पाह्यलं! तुह्या मायलेही कधी कोनी शिवलं नव्हतं नं!" दोनशे माणसं तिच्याकडे वळली. तिला त्याचं काही नव्हतं. असं सुख तिला जन्मात लाभलं नव्हतं, आणि ते तिनं मन भरून भोगलं. मांडवात दुर्गाबाई उठून उभ्या राहिल्या. "कोण आहे ही बाई? तिला आधी बाहेर काढा," त्या म्हणाल्या.

तोवर जमुना उठली होती. हनुवटी खरचटून रक्त आलं होतं. तिनं माती झटकली नाही. ती पंचांसमोर गेली आणि वर्गात करायची तसा हात वर केला.

"मास्तर, ते खरं बोलून राहिली," जमुना म्हणाली. "माहा हात नाही पोचला. चार बोटं राह्यला."

पंचांनी तिला पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी हात हलवून निर्णय फिरवला, वेळ संपल्याची शिटी दिली, आणि कप अकोल्याचा झाला. कोणी टाळ्या वाजवल्या. अमरावतीच्या पोरी रडू लागल्या.

केशरबाई पोरीजवळ गेली ती हात उगारूनच. सारं आपण कराय​चं आणि ऐन वेळी कार्टीनं घास तोंडातून काढून घ्यायचा! जमुना हलली नाही. "तूच सांगतलं होतं," ती म्हणाली. "एका केसानं हुकला तरी नाही म्हनाचं."

उगारलेला हात तसाच राहिला. केशरबाईनं तोंड फिरवलं, तर समोर गोदावरी. तिचा संघ जिंकला होता, मैत्रिणी तिला ओढत होत्या, पण ती हसत नव्हती. खरं बोलूनही जिला सगळ्यांदेखत खोटं ठरवलं, तिचं तोंड कसं होतं ते केशरबाईला कोणी सांगायला नको होतं. आणि या वेळी ते करणारी पाटलाची दुर्गा नव्हती, बुधाजीची केशर होती. तिला स्वतःची शरम वाटली. पण खोटं कशाला सांगा, शरमेच्या पाठोपाठ लगेच दुसरंही काही सुचलं.

ती मांडवापुढं गेली. गोदावरीला तिनं हात धरून आईच्या समोर आणलं, आणि दुर्गाबाईंच्या टेबलापासून दोन हातांवर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "पोरी, तू खरी बोलली. म्या तुले खोटारडी म्हनलं, सगळ्यांसमोर म्हनलं. माही चूक झाली. मले माफ कर."

गोदावरी गडबडली. "असू द्या हो मावशी," ती म्हणाली.

"येवढंच लागते, दुर्गाबाई," केशरबाई टेबलाकडे वळून म्हणाली. "चूक कबूल कराले दोन घडी पुरतात. तुमाले सव्वीस वर्सं नाही पुरली."

"मी ओळखत नाही तुम्हाला," दुर्गाबाई म्हणाल्या.

"बुधाजीची केशर. खळ्यावरची."

दुर्गाबाईंनी कपावरचा हात काढून घेतला. शेजारच्या बायका कान टवकारून बसल्या. "मला नाही आठवत," दुर्गाबाई म्हणाल्या, पण उशीर झाला होता. त्यांच्या तोंडावर सगळं आठवलेलं दिसत होतं.

"आई, काय नाही आठवत?" गोदावरीनं विचारलं.

मग केशरबाईनं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. काडी मोडली कशी, हात लागला कसा, पाटलानं विचारलं काय आणि उत्तर काय मिळालं. चावडीसमोर कोणी कोणाला मारलं तेही सांगितलं. आवाज चढवायची गरज पडली नाही.

"तू खेळत होतीस?" गोदावरीनं आईला विचारलं.

दुर्गाबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. वकिलाच्या घरात वीस वर्षं घोटलेली शुद्ध भाषा एकाएकी कुठं गेली कोण जाणे. "लहान होती मी," त्या म्हणाल्या. "बाबानं मारलं असतं मले."

"माह्या बाबानं मारलं मले," केशरबाई म्हणाली.

तिथून ती बाजूला झाली आणि पुन्हा दोरीजवळ येऊन उभी राहिली. बक्षिसासाठी नाव पुकारलं. गोदावरी मांडवाच्या पायरीशी आली. दुर्गाबाईंनी दोन्ही हातांनी कप पुढं केला. गोदावरीनं हात पुढं केले नाहीत.

"मी आमच्या मोठ्या बाईंच्या हातून घेईन," ती म्हणाली.

कोणीतरी हळूच म्हणालं, असं करू नये बाळ. गोदावरी ढिम्म उभी. दुर्गाबाई कप धरून होत्या. खाली ठेवावा तर शोभत नाही, द्यावा तर घेणारं कोणी नाही. शेवटी अकोल्याच्या शाळेच्या मोठ्या बाई लगबगीनं उठल्या आणि त्यांनी तो कप दुर्गाबाईंच्या हातातून सोडवून घेतला. केशरबाईनं यातलं पापणी न लववता सगळं पाहिलं. दया करीन ही प्रतिज्ञा तिला मधेच आठवली, नाही असं नाही, पण तिनं डोळे हटवले नाहीत.

संघ संध्याकाळच्या गाडीनं निघणार होता. स्टेशनवर जमुना आईशेजारी बाकावर बसली. हनुवटीवर केशरबाईनं हळद दाबली होती.

"माय," जमुना म्हणाली, "त्या गोदावरीची माफी मांगली नं तू, ते खरी मांगली, का तिच्या मायले पाडाले मांगली?"

केशरबाईनं रुळांकडे पाहिलं. पोरीला काय काय शिकवून ठेवलं होतं ते तिला आता कळत होतं. खोटं बोलायची सोय तिनं स्वतःच्या हातानंच घालवली होती.

"दोनीसाठी," ती म्हणाली.

जमुनानं थोडा विचार केला. मग ती आईपासून जरा सरकून बसली.